पिकतं तिथला कप

एप्रिलचा पहिला आठवडा. चिकमगळूरहून बाबा बुडनगिरीकडे चढणाऱ्या रस्त्यालगतच्या एका मळ्यात आम्ही रात्री उशिरा पोचलो होतो. सकाळी खोलीचं दार उघडलं तर समोरचा सगळा उतार पांढरा. आठ-नऊ दिवसांपूर्वी तिथे एक चांगली सर पडून गेली होती. कॉफीवाले तिला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. कोरड्या दिवसांत ताणलेल्या झाडाला ती सर मिळाली की आठवड्याभराने अख्खा मळा एकदम फुलतो, तीन-चार दिवस तसा राहतो आणि मग फुलं तपकिरी पडून गळतात. सिल्व्हर ओकच्या उंच खोडांवर मिऱ्यांचे वेल चढलेले, खाली कॉफीच्या फांद्यांवर पेऱ्यापेऱ्याला फुलांचे झुबके. वास मोगऱ्याचा, पण मोगऱ्याहून थोडा ओला.

ओसरीवर कॉफी आली. गोड, दुधाळ, वर फेस. पहिल्याच घोटाला चव ओळखीची वाटली, कारण पुण्यात माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर इन्स्टंट कॉफीची जी बाटली असते तिचीच ती होती. ही तुमच्या मळ्यातली का, असं मी यजमानांना विचारलं. ते सरळपणे म्हणाले, ‘‘नाही हो. आमची सगळी क्युरिंगला जाते. पाहुण्यांना ही करायला सोपी पडते.’’

त्याला आता काही वर्षं झाली. या अंकासाठी ‘उगम’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला ना नदी सुचली ना वंशावळ. तो कप आठवला. ‘पिकतं तिथे विकत नाही’ ही म्हण आपण माणसांच्या कदरीबद्दल वापरतो. कॉफीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे का, हे मला पाहायचं होतं. मधल्या काळात कोलंबियाला आणि इथिओपियाला जाणं झालं. दोन्हीकडे हातातलं काम संपल्यावर मी मुक्काम वाढवला आणि एकच प्रश्न घेऊन हिंडले: इथे पिकलेली चांगली कॉफी इथे कोण पितं?

चाळणीच्या वर, चाळणीच्या खाली

या प्रश्नाचं निम्मं उत्तर मळ्यात मिळत नाही, मळ्याच्या फाटकाबाहेर मिळतं.

कॉफीचं फळ साधारण करवंदाएवढं. पिकलं की लाल होतं. आत दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. कधी कधी एकच बी धरते आणि ती गोल होते. तिला पीबेरी म्हणतात. पिकलेलं फळ पल्परमधून काढलं की साल निघते, बियांवरचा चिकट गर आंबवून धुऊन टाकतात आणि बिया खळ्यावर वाळवतात. वाळल्यावर बीवर कडक, पिवळसर टरफल राहतं, म्हणून तिला ‘पार्चमेंट’ म्हणायचं. काही जण फळ सालीसकट वाळवतात. बाजारात त्याला ‘चेरी’ म्हणतात. सुमारे सहा किलो पिकलेल्या फळांतून हाती लागते एक किलो स्वच्छ कॉफी. पण ती स्वच्छ करण्याचं काम मळेवाला करत नाही. तो पार्चमेंटची पोती भरतो आणि त्याचं काम तिथे संपतं.

पोती जातात क्युरिंगला. चिकमगळूर, हासन, कुशालनगर, मंगळूर या गावांत ही क्युरिंग वर्क्स आहेत. त्यातल्या एका जुन्या कारखान्यात मी एक दुपार घालवली. आत कॉफीचा वास येतच नाही. कच्च्या बीला वास असतो तो ओल्या हरभऱ्याच्या जवळचा. टरफल काढून बी चाळण्यांवर जाते. मोठी बी वरच्या चाळणीवर अडते, ती ए. तिच्याखालची एबी. गोल पीबेरी वेगळी. बारीक ती सी. आणि सगळ्यात शेवटी उरतात काळ्या पडलेल्या बिया, तपकिरी बिया आणि तुकडे. व्यापारात त्यांचं नाव ‘ब्लॅक्स, ब्राऊन्स, बिट्स’. रंग ओळखून डागी बी फुंकरीने बाहेर फेकणारी यंत्रं आता आली आहेत, तरी हाताने निवडणाऱ्या बायका पूर्ण गेलेल्या नाहीत. निवडलेल्या मालाच्या पोत्यांवर परदेशी बंदरांची नावं होती. कोपऱ्यातल्या तीन-बीवाल्या पोत्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आपल्या देशातली दोन तृतीयांशाहून अधिक कॉफी बाहेर जाते आणि तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कित्येक वर्षं इटली आहे. निर्यातदार वरच्या चाळणीला चांगला भाव देतो, म्हणून वरची चाळणी आधी निघून जाते. यात कोणाची लबाडी नाही. मळेवाल्याला मजुरी द्यायची असते, खत आणायचं असतं, अराबिकाच्या खोडात शिरणाऱ्या पांढऱ्या किड्याने मेलेली झाडं उपटून नवी लावायची असतात.

पण आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९४२च्या कॉफी कायद्यानुसार मळेवाल्याला घरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकी सगळं पीक कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्ये द्यावं लागे. सगळ्यांची कॉफी एकत्र, प्रतवारीनुसार, मग लिलाव. महायुद्धात बाजार बुडाला होता तेव्हा या व्यवस्थेने मळे तगवले, हे मान्य केलं पाहिजे. १९९०च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६पर्यंत संपली. मधल्या पन्नास वर्षांत मात्र ‘या मळ्याची कॉफी’ असं काही उरलंच नाही. सत्तरी ओलांडलेले एक मळेवाले मला म्हणाले, ‘‘आमची कॉफी किती भरते ते माझ्या वडिलांना ठाऊक होतं. कशी लागते ते नाही.’’

देशात राहिलेल्या कॉफीला साथ मिळाली चिकोरीची. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणारं. भाजून दळलं की काळंभोर आणि दाट उतरतं. ती मिसळलेल्या पुडीत निदान ५१ टक्के कॉफी असावी आणि प्रमाण पाकिटावर छापावं असा नियम आहे. चिकोरीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. दहा-पंधरा टक्के चिकोरी घातलेलं डिकॉक्शन, घट्ट दूध, पितळी डवरा-टंबलर ही स्वतःच एक परिपूर्ण गोष्ट आहे. माटुंग्याला जाऊन, ‘प्लांटेशन ए आणि पीबेरी अर्धी-अर्धी, चिकोरी इतकीच’ असं सांगून समोर दळून घेणारी पिढी हे नीट जाणते. त्यांच्या पिशवीत वरच्या चाळणीतली बी असते. चिकमगळूरच्या बसस्टँडसमोर मात्र मला ती सहज सापडली नाही.

तिंतो

कोलंबियात कॉफी मागायची तर ‘तिंतो’ म्हणायचं. छोट्या कपात, बिनदुधाची. किंदिओ प्रांतातल्या आर्मेनिया शहरात सकाळी सहाला चौकात उतरले तेव्हा तिंतोवाले येऊन ठाकले होते. ढकलगाडीत चार-पाच थर्मास, एकेकाच्या झाकणाला वेगळ्या रंगाची चिंधी. एकात तिंतो, एकात दुधाची, एकात गवती चहासारखा काढा. बूट पुसणारे, बसचे वाहक, बँक उघडायची वाट पाहणारे म्हातारे, सगळे उभ्या उभ्या घेत होते. मीही घेतला. पातळ, करपट, गोड. पण त्या गोडाला एक वास होता. दोन घोट झाल्यावर लक्षात आलं, हा गूळ आहे. उसाचा रस आटवून केलेल्या ढेपीला तिकडे ‘पानेला’ म्हणतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला, अनोळखी चौकात, पौषातल्या गुऱ्हाळाचा वास कपातून यावा याने मला गलबलून आलं.

गूळ का, ते दोन दिवसांनी कळलं. सालेन्तो गावाच्या चौकातून जुन्या विलीज जीप निघतात. मागे फळीवर उभं राहून लोक मळ्यांकडे जातात. तशाच एका जीपने मी एका खरेदी केंद्रावर गेले. शेतकरी पार्चमेंटची पोती घेऊन आले होते. केंद्रावरचा माणूस पोत्यात नळी खुपसून नमुना काढतो, त्यातलं २५० ग्रॅम मोजून टरफल काढतो आणि मग टेबलावर पसरून बोटांनी निवडतो: किडलेली, काळी, फुटकी बी एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला. चांगली पुन्हा तोलतो. त्यावरून हिशेब निघतो की निर्यातीचं ७० किलोंचं एक पोतं भरायला या शेतकऱ्याचं किती किलो पार्चमेंट लागेल. ९४ किलो हा पाया. त्याहून कमी लागलं तर भाव चढतो, जास्त लागलं तर उतरतो. टेबलाच्या पलीकडे शेतकरी हात बांधून उभा असतो आणि त्या बोटांकडे पाहत असतो. आपल्या बाजार समितीत कांद्याची गोणी ओतल्यावर शेतकऱ्याचे डोळे जिथे असतात, तिथेच त्याचेही होते.

बाजूला सारलेल्या त्या वाईट बीला ‘पासीया’ म्हणतात. कोलंबियात वर्षानुवर्षं निर्यातीसाठी ठरलेल्या दर्जाखालची कॉफी बाहेर जाऊ शकत नव्हती. ती देशातच खपायची. म्हणजे पासीया गावात राहते, तिचा करपट कडूपणा झाकायला ती काळीकुट्ट भाजतात आणि गुळाने गोड करतात. त्यातही गेल्या काही वर्षांत देशातली गरज भागवायला पेरू, ब्राझील अशा शेजाऱ्यांकडून स्वस्त कॉफी आणावी लागते. कॉफीच्या डोंगरांना २०११मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. त्या डोंगराखालच्या चौकातल्या थर्मासमध्ये दुसऱ्या देशाची कॉफी असू शकते.

हे दुःख कोलंबियातल्या लोकांना आपल्यापेक्षा आधी टोचलं असावं. तिथे शेतकऱ्यांचा स्वतःचा महासंघ आहे, १९२७मध्ये स्थापन झालेला. रुंद काठाची टोपी, खांद्यावर घडी घातलेलं पांघरूण, सोबत खेचर, असा ‘हुआन वाल्देस’ नावाचा शेतकरी त्यांनीच जाहिरातींतून जगाला दाखवला. हे पात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीने रंगवलं, अमेरिकी गिऱ्हाइकासाठी. त्याच नावाची दुकानं निघाली ती थेट २००२मध्ये. म्हणजे कोलंबियाचा शेतकरी परदेशी टीव्हीवर चार दशकं चांगली कॉफी दाखवत होता, आणि मग कुठे ती त्याच्या स्वतःच्या शहरात कपातून मिळू लागली.

ज्या घरी मी राहिले तिथल्या बाईंची झाडं दीड-दोन हजार होती. त्या स्वतः पानेलाचाच तिंतो पीत. पण त्यांच्या मुलाने एक लहान भट्टी आणली होती, एका वेळी मूठ-दोन मूठ भाजणारी. रात्री जेवण झाल्यावर त्याने आपल्याच उतारावरची बी भाजली, दुसऱ्या सकाळी दळून कागदी गाळणीतून ओतली आणि तिघांना दिली. बदामी रंगाची, स्वच्छ, पिकल्या संत्र्यासारखी आंबूस. मला ती फार आवडली. बाईंनी अर्धा कप प्याला आणि विचारात पडल्या. मुलाने माझ्यासाठी भाषांतर केलं: आई म्हणते, ही आपलीच का? मग तिने उठून त्यात गुळाचा खडा टाकला आणि उरलेली संपवली. मुलगा काही बोलला नाही. मलाही वाटलं, ती तिची कॉफी आहे, तिला हवी तशी प्यावी.

अबोल, तोना, बरका

इथिओपियाला जाताना नैरोबीत एक रात्र काढावी लागली. केनियाची कॉफी जगभरचे जाणकार डोक्यावर घेतात, नैरोबीत तिचा लिलाव होतो, आणि ती जवळजवळ सगळी देशाबाहेर जाते. मी उतरले तिथल्या सकाळच्या टेबलावर दुधाचा उकळलेला चहा होता. त्याला तिथेही ‘चाय’च म्हणतात, आल्याचा असेल तर ‘चाय या तंगावीझी’. चहा उत्तम होता. कॉफी विचारली तर बाटली आणून ठेवली.

मग इथिओपिया. आणि इथे माझी म्हण मोडली.

इथिओपियाच्या रानांत अराबिका कॉफीचं झाड मुळात उगवलं, एवढं सगळे मानतात. शेळ्या नाचताना पाहणाऱ्या गुराख्याची गोष्ट फार नंतरची, सतराव्या शतकात युरोपात छापली गेलेली. गोष्टीपेक्षा मला वस्तुस्थिती अधिक सुंदर वाटते: हा देश आपल्या पिकातली जवळजवळ निम्मी कॉफी स्वतः पितो. आफ्रिकेतल्या इतर कॉफी पिकवणाऱ्या देशांत असं होत नाही. तीही कोणती? निर्यातीच्या दर्जाची कॉफी देशात विकायला तिथेही अनेक वर्षं बंदी राहिली आहे, कारण परकी चलन आणणारी मोठी वस्तू तीच. म्हणजे वरची चाळणी तिथेही बाहेर जाते. तरीही मी आयुष्यात प्यायलेल्या सगळ्यात जिवंत कॉफीपैकी तीन कप इथिओपियातले आहेत.

अदिस अबाबात १९५३पासून चालणारं ‘तोमोका’ नावाचं दुकान आहे. खुर्च्या नाहीत, उंच टेबलांशी उभं राहून प्यायचं. ही इटालियन सवय. इटलीने १९३६ ते १९४१ इथे ताबा ठेवला होता, तेव्हापासूनचं वळण. ‘माकियातो’ हा शब्द अदिसमध्ये रिक्षा-टॅक्सीसारखा रोजचा आहे. शेजारी उभे असलेले निवृत्त गृहस्थ मी भारतीय आहे हे ओळखून म्हणाले, ‘‘माझे गणिताचे शिक्षक भारतीय होते. फार मारायचे. गणित अजून येतं.’’ त्या पिढीतल्या अनेक इथिओपियनांना भारतीय शिक्षकांनी शिकवलं आहे. त्यांनी माझ्या कॉफीचे पैसे दिले आणि सांगितलं, ‘‘ही दुकानातली. आमची बुना घरी पितात. दक्षिणेला जा.’’ बुना म्हणजे कॉफी.

दक्षिणेला, अदिसपासून सुमारे ४०० किलोमीटरवर गेदेओ भागात यिरगाचेफे आहे. कॉफीच्या दुकानांत जगभर दिसणारं नाव. प्रत्यक्षात एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि मागे हिरवे डोंगर. इथे मळे नाहीत, परसबागा आहेत. केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेतच्या सावलीत घरामागे कॉफीची झाडं. एन्सेतचं पीठ खायला, कॉफी विकायला. आपल्या कोकणात वाडीत नारळ-पोफळीखाली मिरी-जायफळ लावतात, तीच रीत. लाल फळं डोक्यावरून धुण्याच्या केंद्रावर येतात, तिथे धुतलेलं पार्चमेंट कमरेएवढ्या उंच मांडवांवर जाळी पसरून वाळवतात आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया गाणी म्हणत खराब बी वेचतात. तिथली चांगली कॉफी पोत्यात जाते आणि रस्त्याला लागते.

पण शेतकरी थोडी फळं तशीच, सालीसकट, घराच्या अंगणात वाळवतो. त्याला ‘जेन्फेल’ म्हणतात. ही घरची. निवडलेली नसते, कमीजास्त पिकलेली असते. पण आपल्याच झाडाची आणि याच वर्षीची असते.

ज्या घरात मला बोलावलं तिथे मातीच्या जमिनीवर ताजं गवत पसरलं होतं. घरची सून ठेंगण्या बाकावर बसली, समोर कोळशाची शेगडी. तिने बी आधी पाण्यात चोळून धुतली. मग पसरट तव्यावर टाकून वाकड्या सळईने हलवत राहिली. हिरवट, पिवळी, मग बदामी, मग तडतड. धूर निघायला लागला तसा तिने तवा उचलून प्रत्येकासमोर नेला. आम्ही तो धूर हाताने स्वतःकडे ओढून घेतला, आरतीचं ताट समोर आल्यावर ओढतो तसा. कोणी हे शिकवलं नव्हतं, पण माझे हात आपोआप तसे हलले. शेगडीवर लोबानसारख्या धुपाचा खडा पडला. बी लाकडी उखळीत कांडली. जेबेना म्हणजे मातीचं काळं, लांब मानेचं, गोल बुडाचं भांडं. त्यात पाणी उकळत होतं. पूड मानेतून आत गेली, उतू आलं, खाली उतरवलं, गाळ बसू दिला. मग बिनकानाच्या छोट्या पेल्यांवरून, एकदाही न थांबता, उंचावरून एकच धार. सोबत मक्याच्या लाह्या.

पहिल्या फेरीचं नाव ‘अबोल’. आपल्या भाषेत अबोल म्हणजे न बोलणारा. तिथे अबोलपासून बोलणं सुरू होतं. त्याच पुडीत पुन्हा पाणी घालून दुसरी फेरी, ‘तोना’. तिसरी ‘बरका’. हा शब्द मला सांगावा लागला नाही. आपली बरकत तीच. प्रत्येक फेरीला कॉफी हलकी होत जाते आणि घरात माणसं वाढत जातात. धुराचा वास गल्लीत गेलेला असतो, शेजारणी येतात, दारात ‘बुना’ एवढंच म्हणतात आणि बसतात. कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाचा भाऊ अदिसहून आलेला नाही, पाऊस लांबला, धुण्याच्या केंद्रावर भाव किती लागला. दुभाष्या जमेल तेवढं सांगत होता. दीड तास गेला. तिसऱ्या कपाच्या आधी उठणं बरं दिसत नाही, असं त्याने मला आधीच बजावलं होतं. मला उठायचंही नव्हतं.

त्या पहिल्या कपात जांभळासारखं काहीतरी होतं, थोडा धूर, थोडी माती आणि तळाशी गाळ. दर्जाच्या टेबलावर तिला किती गुण मिळाले असते ते सोडून देऊ. तिला काय मिळालं होतं ते पाहू. कच्ची बी कोरड्या जागी महिनोन् महिने टिकते. भाजली की तिचा सुगंध उडायला लागतो. काही आठवड्यांत ती थकते. दळली की काही दिवसांत, उघडी राहिली तर त्याहूनही लवकर. हॉटेलातल्या बहुतेक कॉफ्या वाईट लागतात त्या बी वाईट म्हणून नव्हे, भाजून आणि दळून मेलेल्या असतात म्हणून. यिरगाचेफेच्या त्या घरात भाजणं, कांडणं आणि पिणं यांत पाऊण तासाहून जास्त वेळ नव्हता. वरची चाळणी बाहेर गेली. पण भाजण्याचा तवा घरात राहिला. चिकमगळूरच्या माझ्या यजमानांच्या घरातून, आणि कोलंबियातल्या त्या बाईंच्या घरातूनही, तवाच गेला होता.

काय विचारायचं

म्हणून आता कॉफीच्या मुलखात गेले की मी ‘चांगली कॉफी कुठे मिळते’ असं विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी सगळ्यात चकचकीत दुकान असतं. मी विचारते, इथे कॉफी कोण भाजतं, आणि शेवटची कधी भाजली? या प्रश्नाने दारं उघडतात. चिकमगळूरच्या बाजारात एका गल्लीत मला अशी चक्की सापडली, जिथे गावातल्या बायका घरची बी आणून भाजून नेतात. हंगाम विचारून जाणंही महत्त्वाचं: आपल्याकडे अराबिका साधारण नोव्हेंबर ते जानेवारी तोडतात आणि रोबस्टा त्यानंतर. रोबस्टाला कमी लेखू नये. भारताच्या पिकात तिचाच वाटा मोठा आहे आणि नीट धुतलेली रोबस्टा दुधात जशी उभी राहते तशी अराबिका राहत नाही.

एक गोष्ट मात्र मी विकत घेत नाही आणि घेऊ नका असं सांगते. उदमांजराच्या पोटातून गेलेल्या बियांची महागडी कॉफी. इंडोनेशियात तिच्यापायी रानातली जनावरं पिंजऱ्यात कोंडून त्यांना फळं चारतात. तशी पाकिटं आता आपल्याकडेही पर्यटकांच्या दुकानांत दिसतात. जनावराला कोंडून मिळणारी चव मला नको.

घरचं

या जानेवारीत मी पुन्हा चिकमगळूरला गेले, तोडणीच्या दिवसांत. या वेळी दुसऱ्या मळ्यात. संध्याकाळी पाचला फळांची पोती मोजायला आली. तोडणाऱ्या बऱ्याच बाया-पुरुष आसाम-झारखंडकडचे. हंगामापुरते येतात आणि मळ्यातल्या ‘लाइनी’त राहतात. मोजणी होईपर्यंत लाइनीत चुली पेटल्या होत्या आणि त्यांवर चहा उकळत होता. पाच हंगाम येणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, कॉफी कशी लागते? ती म्हणाली, ‘‘फुलाचा वास आवडतो. प्यायले नाही कधी.’’

मळ्याची मालकीण ऐंशीच्या आसपासची अज्जी होती. ती कोकणी बोलायची, मी मराठी, आणि आमचं बरं जमलं. तिचा नातू आता आपल्या मळ्याच्या नावाने पाकिटं काढतो. बेंगळूर, मुंबई, पुण्याचे भाजणारे त्याच्याकडून थेट बी नेतात आणि पाकिटावर मळ्याचं नाव छापतात. हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालेलं आहे आणि फार चांगलं झालं आहे. पण अज्जीचं काम त्याच्या आधीपासूनचं. ‘पूल’च्या काळातही तिची सासू घरापुरतं म्हणून परवानगी होती त्यातून पीबेरी निवडून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तीच सवय अज्जीने चालू ठेवली. दर आठ दिवसांनी लोखंडी कढईत, मंद आचेवर, स्वतः भाजते. माझ्यापुढे तिने टंबलर ठेवला तेव्हा त्यात दूध नव्हतं, साखर नव्हती. गुळाची काळी कॉफी होती. ‘‘बेल्लद काफी,’’ ती म्हणाली. मी तिला कोलंबियातल्या बाईंबद्दल सांगितलं. तिने एकच विचारलं, त्यांचा गूळ पिवळा की काळा?

निघताना तिने अर्धा किलो पार्चमेंट दिलं, टरफलासकट, कारण तसं ठेवलं तर टिकतं.

पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी मी ते खलबत्त्यात कांडलं. टरफलं सुटली ती सुपात घेऊन गॅलरीत पाखडली. आईच्या लोखंडी कढईत भाजायला घेतलं. हिरवट, पिवळी, बदामी. तडतड सुरू झाली तेव्हा घरभर धूर झाला होता. शेजारच्या काकू दार वाजवून आल्या, काय जळतंय म्हणून. त्यांना बसवलं. मातीचं जेबेना माझ्याकडे नव्हतं, पातेल्यात केली आणि गाळ बसू दिला. काकू मूळच्या परतवाड्याच्या. दोन घोट घेऊन म्हणाल्या, ‘‘आमच्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते बरं. शाळेची सहल जायची तेव्हा झाडं दाखवायचे. लाल लाल फळं. आणि मग आम्ही टपरीवर चहा घ्यायचो.’’

त्यांनी पेला पुढे केला. मी त्याच पुडीत पुन्हा पाणी घातलं. तोपर्यंत दाराबाहेर आणखी दोघींच्या चपला आल्या होत्या.